काम आहे, मालक नाही : रायपूरच्या चावडीवरील श्रमिकांचा प्रश्न

मराठी माणसाला ‘चावडी’ म्हटले की गावची पाटील-तलाठ्याची जागा आठवते. छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे चावडी म्हणजे रोजंदारीचे मजूर सकाळी कामासाठी जमतात तो चौक; महाराष्ट्रातील शहरांत ज्याला मजूर अड्डा किंवा नाका म्हणतात, ते ठिकाण. आरंग, अभनपूर, तिल्दा, धरसींवा या आसपासच्या तालुक्यांतून सायकलने, बसने किंवा रेल्वेने आलेले स्त्री-पुरुष दिवस वर येण्याच्या सुमारास येथे जमतात. त्यांत गवंडीकाम करणारे मिस्त्री असतात, त्यांच्या हाताखालचे कुली असतात आणि विटा-वाळूची घमेली वाहणाऱ्या स्त्रिया असतात. या स्त्रियांना छत्तीसगडी बोलीत ‘रेजा’ म्हणतात.

सौदा तोंडी होतो. काम कोठे, किती वेळ आणि मजुरी किती, एवढेच ठरते. काम देणाऱ्याचे नाव मजुराला बहुधा ठाऊक नसते आणि मजुराचे नाव काम देणारा क्वचितच विचारतो. ऊन चढू लागले की उरलेल्यांचा भाव उतरतो. त्यानंतरही ज्यांना काम मिळत नाही, ते रिकाम्या हाताने गावी परततात.

भारतातील जवळजवळ प्रत्येक वाढत्या शहरात हे दृश्य दिसते. रायपूरचे वैशिष्ट्य असे की, हे शहर गेल्या पाव शतकात झपाट्याने वाढले आणि या वाढीचा बराचसा भार अशाच श्रमावर उभा राहिला. येथे कामाची वाण नाही आणि कामगारांसाठी कायद्यांचीही वाण नाही. तरीही काम करणाऱ्याला संरक्षण का मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका गोष्टीत सापडते : बहुतेक कामगार कायदे आधी मालकाचे नाव विचारतात आणि चावडीवरच्या मजुराकडे सांगण्यासारखे नाव नसते.

राजधानीचे शहर

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य वेगळे झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. महाराष्ट्राशी या प्रदेशाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. पुढे १९५६ पर्यंत ते ज्या प्रांतात होते, त्याची राजधानीही नागपूरच होती.

२००१ च्या जनगणनेत रायपूर शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख होती. २०११ मध्ये ती १० लाखांवर गेली. राजधानीमुळे सरकारी कार्यालये आली, त्यांच्यामागे वसाहती, रुग्णालये, महाविद्यालये आणि बाजारपेठा आल्या. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पाँज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या. आग्नेयेला नवीन राजधानी, म्हणजे नवा रायपूर, वसवण्यात आली. २०१२ च्या अखेरीस राज्याचे मंत्रालय तेथे हलले आणि २०१८ मध्ये या शहराला अटलनगर असे नाव जोडले गेले.

या सगळ्याला लागणारे हात मुख्यतः भातशेतीच्या प्रदेशातून आले. छत्तीसगडच्या मैदानी भागात बरीच शेती पावसावर अवलंबून असून वर्षातून भाताचे एकच पीक निघते. पावसाळ्यात रोवणीला आणि दिवाळीच्या सुमारास कापणीला माणूस शेतात हवा असतो. त्यानंतर पुढचा पाऊस येईपर्यंत लहान शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांना गावात पुरेसे काम उरत नाही. पश्चिम ओडिशातील नुआपाडा, बलांगीर या दुष्काळी जिल्ह्यांतूनही लोक अनेक वर्षे रायपूरला येत आले आहेत. शहरातील सायकलरिक्षा ओढणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी होती. त्याच वेळी महासमुंद, जांजगीर-चांपा, बलौदाबाजार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे उत्तर भारतातील वीटभट्ट्यांवर आणि हैदराबाद, नागपूर यांसारख्या शहरांतील बांधकामांवर जातात. नागपुरात इमारतीच्या पायापासून स्लॅबपर्यंतच्या कामात छत्तीसगडी जोडपी पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत. रायपूरचा प्रश्न म्हणूनच महाराष्ट्रातील वाचकालाही परका नाही.

‘असंघटित’ म्हणजे कोण ?

शहरातील अशा कामाला ‘अनौपचारिक’ हे नाव अर्थशास्त्रात १९७० च्या दशकात रूढ झाले. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी घाना देशाची राजधानी आक्रा येथील गरीब वस्त्यांचा अभ्यास करून असे दाखवले की, ज्यांची गणना बेकारांत होते ते लोक प्रत्यक्षात दिवसभर काहीना काही काम करून पोट भरत असतात. मात्र त्या कामाची नोंद कोठेच होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केनियाविषयीच्या १९७२ च्या अहवालात ही कल्पना उचलली आणि ती जगभर पोहोचली. विकासाबरोबर हे क्षेत्र हळूहळू आटत जाईल, असा त्या काळी अनेकांचा कयास होता. भारतात तसे घडले नाही.

केंद्र सरकारने २००४ मध्ये अर्थतज्ज्ञ अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली असंघटित क्षेत्रातील उद्योगांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. आयोगाने काढलेल्या आकड्यांनुसार २००४-०५ मध्ये देशातील सुमारे ४५.७ कोटी काम करणाऱ्यांपैकी ८६ टक्के असंघटित क्षेत्रात होते. परंतु ज्यांच्या नोकरीला कसलेही संरक्षण नाही अशांचे प्रमाण त्याहून जास्त, म्हणजे ९२ टक्के होते.

या दोन आकड्यांमधील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. नोंदणीकृत कारखान्याच्या आत, सरकारी इमारतीच्या बांधकामावर किंवा मोठ्या कंपनीच्या गोदामात काम करणारा माणूसही असंघटित असू शकतो, हे त्यातून स्पष्ट होते. क्षेत्र संघटित आहे, पण कामगार तसा नाही. रायपूर परिसरात या दोन्ही प्रकारचे श्रमिक आहेत. एक चावडीवरचे, ज्यांना मालकच नाही. आणि दुसरे कारखान्याच्या दारातले, ज्यांना मालक आहे, पण तो ठेकेदाराच्या आड आहे.

ठेकेदाराच्या आडचा मालक

रायपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर भिलाई आहे. तेथील सरकारी पोलाद कारखान्यात १९५९ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या पिढीच्या कल्पनेतील औद्योगिक नोकरी कशी असते, याचा तो नमुना होता : कायम नेमणूक, वसाहतीतील घर, शाळा, दवाखाना आणि निवृत्तीनंतरची तरतूद. मात्र याच कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत हजारो मजूर ठेकेदारांकडे काम करीत होते. १९७७ मध्ये तेथे शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कामगार संघटना उभी राहिली. या संघटनेने मजुरीच्या प्रश्नाबरोबर दारूबंदी, शिक्षण आणि आरोग्य हे विषयही हाती घेतले. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये दल्ली राजहरा येथे शहीद हॉस्पिटल सुरू झाले.

१९९० च्या सुमारास हे आंदोलन भिलाई परिसरातील खासगी कारखान्यांतील ठेका कामगारांपर्यंत पोहोचले. जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाई येथे झोपेत असताना नियोगी यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात अनेक जण मृत्युमुखी पडले. ज्या मागणीसाठी हे झाले ती मागणी साधी होती. ज्याच्या यंत्रावर काम करतो, त्याने आपल्याला आपला कामगार म्हणावे, एवढेच या माणसांचे म्हणणे होते.

ठेका पद्धतीचे नियमन करण्यासाठी १९७० मध्ये केंद्रीय कायदा झाला होता. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, अशी महत्त्वाची तरतूद त्यात होती. पण ही जबाबदारी सिद्ध करायची तर मजुराजवळ हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी किंवा ओळखपत्र लागते. ठेकेदार बदलला की हजेरीपत्रकही बदलते. माणूस त्याच भट्टीसमोर दहा वर्षे उभा असला, तरी कागदावर त्याची नोकरी दर वर्षी नव्याने सुरू झालेली असते. मग ग्रॅच्युइटी, रजा आणि सेवाज्येष्ठता यांचा हिशेब कोठून करायचा, हा प्रश्न राहतो.

नव्वद दिवसांचा दाखला

चावडीवरील बहुसंख्य मजूर बांधकामाशी संबंधित असतात. त्यांच्यासाठी १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा झाला. त्यामागील विचार दूरदृष्टीचा होता. बांधकाम मजुराचा मालक रोज बदलतो, हे गृहीत धरून कायद्याने मालकाऐवजी इमारतीलाच जबाबदार धरले. बांधकामाच्या खर्चावर १ ते २ टक्के उपकर वसूल करायचा, तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा करायचा आणि त्यातून नोंदणी झालेल्या कामगारांना अपघात साहाय्य, प्रसूती लाभ, मुलांना शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन असे लाभ द्यायचे, अशी ती व्यवस्था आहे.

अडचण नोंदणीत आहे. कामगाराचे वय १८ ते ६० या दरम्यान असावे आणि त्याने मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, अशी अट आहे. हे ९० दिवस प्रमाणित कोणी करायचे ? एकाच मोठ्या प्रकल्पावर राबणाऱ्याला ठेकेदाराकडून दाखला मिळू शकतो. पण जो माणूस सोमवारी एकाच्या घराची गच्ची दुरुस्त करतो, मंगळवारी दुसऱ्याच्या कुंपणाची भिंत बांधतो आणि बुधवारी रिकामा बसतो, त्याने नव्वद दिवसांसाठी किती दारे ठोठवायची ? अनेक ठिकाणी या अटीतून मार्ग काढण्यासाठी कामगार संघटनांचे दाखले किंवा स्वयंघोषणा ग्राह्य धरण्यात आल्या. त्यामुळे नोंदणी वाढली. पण खरे मजूर बाहेर आणि दुसरेच लोक यादीत, ही तक्रारही त्याबरोबर अनेक राज्यांतून पुढे आली.

दुसरी अडचण कायद्याच्या व्याप्तीची आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेली बांधकामे आणि ठरावीक खर्चाच्या आतील स्वतःचे राहते घर यांना हा उपकर लागू होत नाही. १९९६ च्या कायद्यात घरखर्चाची ही मर्यादा १० लाख रुपये होती. सामाजिक सुरक्षा संहितेत ती ५० लाख रुपये करण्यात आली आहे. घरमालकाच्या दृष्टीने हा दिलासा आहे. पण चावडीवरून नेले जाणारे मजूर बहुधा अशाच लहान घरांच्या कामावर जातात. ज्या कामावर हे मजूर राबतात, नेमक्या त्याच कामातून त्यांच्या कल्याणनिधीत काही येत नाही.

निधी जमा झाला तरी तो पोहोचतोच असे नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी निकाल देताना तीव्र नाराजी व्यक्त केली. देशभर ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला असताना कामगारांसाठी त्यातील सुमारे ९,५०० कोटी रुपयेच खर्च झाले होते, असे त्या वेळी न्यायालयासमोर आले. पैसा होता आणि गरजूही होते. त्या दोहोंना जोडणारा कागद नव्हता.

रेजाचे ओझे

या व्यवस्थेत स्त्रियांची स्थिती अधिक बिकट आहे. समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ मध्ये झाला; परंतु चावडीवर ‘रेजा’ आणि ‘मिस्त्री’ ही दोन वेगळी कामे मानली जातात आणि त्यांचे दरही वेगळे असतात. घमेले वाहणारी स्त्री वर्षानुवर्षे भिंत उभी राहताना पाहते, माल कालवून देते. पण करणी आणि ओळंबा तिच्या हाती क्वचितच येतो. पुरुष बिगारी काही वर्षांत मिस्त्री होऊ शकतो, रेजा मात्र बहुधा रेजाच राहते.

२०१७ पासून कायद्याने प्रसूती रजेचा काळ १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केला. पण ही भरपगारी रजा देण्याचे बंधन दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर आहे. ज्या स्त्रीची आस्थापना म्हणजे रोजचा नवा चौक, तिला ही रजा मागायला जागाच नाही. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचेही असेच आहे. एकीकडे चार-पाच घरे असतात, पण त्यांतील कोणीही स्वतःला ‘मालक’ या कायदेशीर अर्थाने पाहत नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. छत्तीसगडमध्येही ठेका मजूर, घरकाम करणाऱ्या महिला आणि हमाल यांच्यासाठी राज्य पातळीवर मंडळ आहे. दोन्हीकडे लाभाची पहिली पायरी नोंदणी हीच आहे.

रस्त्यावरची जागा

फेरीवाल्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्याला मालक नको असतो, त्याला जागा हवी असते. १९८५ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी मुंबईतील फेरीवाल्यांच्या खटल्यात फेरीवाला क्षेत्रे आखून देण्याची गरजही न्यायालयाने मांडली. पुढे जवळजवळ तीन दशकांनी, २०१४ मध्ये, पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण, विक्रीचे प्रमाणपत्र, सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत हटवण्यास मनाई आणि नगर विक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया, अशा त्यातील ठळक तरतुदी आहेत.

जून २०२० मध्ये केंद्राने पथविक्रेत्यांसाठी ‘स्वनिधी’ ही कर्जयोजना आणली. सुरुवातीला १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज आणि त्याची परतफेड झाल्यावर पुढचे मोठे कर्ज, अशी तिची रचना होती. २०२५ मध्ये पहिल्या कर्जाची रक्कम १५,००० रुपये करण्यात आली. ज्यांच्याकडे विक्रीचे प्रमाणपत्र नव्हते, त्यांनाही शिफारसपत्रावर कर्ज मिळण्याची सोय होती. मालकाचे नाव किंवा वेतनचिठ्ठी न मागणारी ही योजना म्हणूनच बऱ्याच लोकांपर्यंत पोहोचली. तथापि, कर्जामुळे भांडवल मिळते, जागा मिळत नाही. रस्ता रुंद झाला, चौक सुशोभित झाला किंवा नवा उड्डाणपूल आला की हातगाडी हलवावी लागते. नव्या जागी गिऱ्हाईक नसेल, तर कर्जाचा हप्ता मात्र तोच राहतो.

माथाडी कायद्याचा धडा

मालक निश्चित नसलेल्या श्रमिकाला संरक्षण देता येते, याचे देशातील एक जुने उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठेत ओझी वाहणाऱ्या कामगारांची स्थिती एके काळी आजच्या चावडीवरील मजुरांसारखीच होती. एकच हमाल दिवसात अनेक व्यापाऱ्यांचा माल उतरवीत असे आणि त्यांपैकी कोणीच त्याची जबाबदारी घेत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत या कामगारांना संघटित केले. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा मंजूर झाला.

या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मालक आणि कामगारांची टोळी, दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी थेट हमालाच्या हाती न देता मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही देतो. मंडळ मजुरीचे वाटप करते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि वैद्यकीय सोय यांची तरतूद करते. म्हणजे हमालाला दहा मालक असले, तरी हिशेबाची वही एकच राहते. मालकाच्या जागी मंडळ उभे राहते, हे या कायद्याचे मर्म आहे.

ही व्यवस्था निर्दोष नाही. लेव्ही चुकवणे, माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणे आणि खऱ्या टोळीऐवजी बनावट टोळी दाखवणे, अशा तक्रारी महाराष्ट्रात वेळोवेळी झाल्या आहेत. शिवाय बाजार समिती, गोदाम किंवा गोदी ही ठरलेली जागा असते. तेथे व्यापाऱ्याला नोंदणी टाळणे अवघड जाते. एका दिवसासाठी दोन मजूर नेणाऱ्या घरमालकाला तशी नोंदणी करायला लावणे कठीण आहे. म्हणून माथाडी कायदा चावडीवर जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु रायपूरच्या घाऊक बाजारातील हमाल, भातगिरण्यांत पोती वाहणारे मजूर आणि मालधक्क्यावरील कामगार यांच्या कामाची जागा ठरलेली असते. निदान त्यांच्या बाबतीत तरी हा मार्ग कल्पनेतला नसून पन्नासहून अधिक वर्षे चाललेला आहे.

टाळेबंदीने दाखवलेले चित्र

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा या प्रश्नाची व्याप्ती सर्वांना दिसली. महाराष्ट्र आणि तेलंगणातून झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगालकडे निघालेले मजूर रायपूरच्या पश्चिम टोकाला असलेल्या टाटीबंध चौकात येऊन पोहोचत होते. पायी, सायकलवर, मालमोटारींतून आलेल्या या लोकांसाठी शहरातील नागरिकांनी आणि संस्थांनी तेथे अन्नपाण्याची सोय केली. त्याच काळात, ८ मे २०२० रोजी, जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघालेले १६ मजूर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडून ठार झाले. कोणत्या शहरात कोठले किती मजूर आहेत, याची विश्वासार्ह यादी तेव्हा कोणत्याही सरकारकडे नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ‘ई-श्रम’ ही नोंदणी सुरू केली. आधार क्रमांक आणि स्वयंघोषणा यांवर ती होते. मालकाचा दाखला लागत नाही. २०२५ पर्यंत देशभर ३० कोटींहून अधिक श्रमिकांची नोंद झाली. यादी तयार झाली, हे मोठे काम झाले. मात्र नाव नोंदले म्हणजे हक्क मिळाला, असे नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या असंघटित कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या कामगाराने दरमहा स्वतःचा हप्ता भरावा आणि साठीनंतर ३,००० रुपये मासिक निवृत्तिवेतन घ्यावे, अशी तरतूद आहे. ज्याला पावसाळ्यात आठ-आठ दिवस काम मिळत नाही, त्याला वीस वर्षे न चुकता हप्ता भरणे कितपत जमेल, हे उघड आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. सर्व कामगारांना किमान वेतनाचा अधिकार, नेमणूकपत्र देण्याचे बंधन, स्वतःहून परराज्यात गेलेल्या मजुराचाही स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत समावेश आणि अ‍ॅपद्वारे काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के निधी, या त्यातील स्वागतार्ह बाबी सांगितल्या जातात. दुसरीकडे ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली आहे. त्यामुळे लहान ठेकेदारांकडील मजूर या कक्षेबाहेर पडतील, असा कामगार संघटनांचा आक्षेप आहे. नेमणूकपत्राचे बंधनही जेथे नेमणूक करणारा कोणी आहे, तेथेच उपयोगी पडते.

जे पोहोचते आणि जे पोहोचत नाही

छत्तीसगडमध्ये एक गोष्ट मात्र बऱ्याच प्रमाणात पोहोचली, ती म्हणजे रेशनचा तांदूळ. केंद्राच्या कायद्याच्या आधी, २०१२ मध्ये, या राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. बहुसंख्य कुटुंबांना नाममात्र दरात तांदूळ देणारी त्याची वितरण व्यवस्था देशभर चर्चेचा विषय झाली. चावडीवर काम न मिळालेल्या दिवशीही घरात भात शिजतो, याचे श्रेय बऱ्याच अंशी या व्यवस्थेला आहे. राज्य सरकारने श्रमिकांसाठी ५ रुपयांत गरम जेवण देणारी केंद्रेही चालवली आहेत. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ या उपक्रमाची आठवण करून देणारी ही कल्पना आहे.

या दोन्ही सोयी लोकांपर्यंत पोहोचण्याचे एक कारण असे की, रेशन दुकानदार किंवा जेवण वाढणारा ‘तुझा मालक कोण’ असे विचारत नाही. पहिला रहिवासी म्हणून ओळख मागतो, दुसऱ्याला श्रमिक समोर उभा आहे एवढे पुरते. याउलट अपघाताची भरपाई, प्रसूती लाभ, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन यांच्या वाटेवर कोठे ना कोठे मालकाचे नाव, नव्वद दिवसांचा दाखला किंवा न चुकणारा मासिक हप्ता आडवा येतो. पोट भरण्याची सोय झाली, पण हातपाय निकामी झाल्यावर काय, आणि म्हातारपणी काय, याचे उत्तर मिळालेले नाही.

नवा रायपूरमधून अभनपूरकडे आता नवी रेल्वे धावते. शहरातील जुनी नॅरोगेज रेल्वे २०१७ मध्ये बंद झाली होती. मार्च २०२५ मध्ये अभनपूर ते रायपूर ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. स्वस्त तिकिटात गावातून शहरात येता येणे, ही रोजंदारीच्या माणसासाठी मोठीच गोष्ट आहे. त्याचा प्रवास सोपा झाला आहे. उपकराची वसुली लहान बांधकामांपर्यंत पोहोचली, नव्वद दिवसांची नोंद चावडीवरच होऊ लागली आणि हमालांसाठी माथाडी मंडळासारखी एकच वही निघाली, तर त्याचे कामही थोडे कमी अनिश्चित होऊ शकेल. तोपर्यंत, ज्या शहराच्या भिंती त्याने उभ्या केल्या, त्याच्या कागदपत्रांत त्या माणसाचे नाव सापडणे कठीणच राहील.